पहिल्या खेपेचा डबा

बोर्डावरच्या ‘हलगर्जी’ या शब्दाचा रंग अजून ओला होता आणि एक माणूस त्यावर बोट टेकवून उभा होता.

“हे कोनं लिवलं?” त्यानं विचारलं.

पेंटरनं ब्रशानंच माझ्याकडे दाखवलं. मी डब्याच्या दाराशी टेप धरून माप घेत होते.

“मी,” मी म्हटलं.

“मोठ्यानं बोला बाई. कान गेले माहे.”

माझा आवाज पहिल्यापासून बारीक. ऑफिसात सगळे त्यावरून चेष्टा करायचे. मी जवळ गेले. “मी लिहून दिलं. तुम्ही कोण?”

त्यानं बोट उचललं, त्याला लागलेला पांढरा रंग धोतराला पुसला.

“थोच,” तो म्हणाला. “हलगर्जी फिटर.”

फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशीतली ही गोष्ट. आमच्या छोट्या रेल्वेच्या वर्कशॉपात मी ड्रॉइंग ऑफिसची हेड ट्रेसर होते. ट्रेसर म्हणजे जुना नकाशा खाली ठेवून त्यावर मेणकापड ताणायचं आणि रेघेवर रेघ शाईनं ओढायची. नवीन काही काढायचं नाही, जुनं काही सोडायचं नाही. रोज पहाटे अकरा माळा जप झाल्याशिवाय मी पाणी घेत नसे, आणि मला वाटायचं, ट्रेसिंग हे काम जपासारखंच आहे. आपलं त्यात काही घालायचं नसतं.

लाइन बंद होणार हे तेव्हा ठरत आलं होतं. त्याआधी जुना एक मालडबा वर्कशॉपच्या गेटाशी कायमचा उभा करावा, लोकांना बघता यावा, असं वर्क्स मॅनेजर बोपर्डीकर साहेबांच्या मनात आलं, आणि माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं मी ते केलं. रविवार-रविवार बसनं हिंडले. कापूस वाहायला आणलेल्या त्या बंद डब्यांची पहिली खेप पन्नासची होती, सुट्या भागांत बोटीनं आलेली. सागवानी सांगाडा, त्यावर पत्रा, इंजिनाची ठिणगी गठ्ठ्यांवर पडू नये म्हणून दाराच्या फटीला लोकरीचा जाड नमदा. या पन्नासांतले नऊ मला सापडले. एकात कडबा होता, एकात पिठाची गिरणी, एका शाळेनं बाकं ठेवली होती, एकात कोंबड्या. त्यांतल्या आठांना चाकं नव्हती. चाकांवर उभा असलेला एकच, क्रमांक दोनशे सतरा. तो का वाचला हे मला आधी कळेना. मग त्याच्या दाराला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला दिसला, ‘चौकशीचा माल, हात लावू नये’. चौकशी त्रेसष्ट सालीच संपली होती, पण बिल्ला काढायचा हुकूम कुणी काढला नव्हता, म्हणून पंचवीस वर्षं भंगारवालाही त्याला शिवला नव्हता.

वाघझरी घाटात उभा केलेला तो डबा आपोआप उतारावर निघाला होता आणि खालच्या फाटकातल्या गेटमनला त्यानं चिरडलं होतं. मी चौकशीचा अहवाल वाचला होता. ब्रेकच्या दांड्याची पिन निसटली, फिटर तुळशीराम ढोके यानं पिनेत कॉटर घातलं नव्हतं, फिटर बडतर्फ. कॉटर म्हणजे पिन बाहेर येऊ नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात घालून फाकवायची लोखंडाची चीप. अहवालातलं तेच मी दोन ओळींत बोर्डासाठी लिहून दिलं होतं.

साडेबाराला मुंबईचे मोठे साहेब फीत कापायला येणार होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“ढोकेदादा, बसा,” मी म्हटलं. “पाणी घेता?”

“पानी नको. थे पुसा.”

“मी अहवालातलं लिहिलंय. माझ्या मनचं नाही.”

“अहवाल मलेबी वाचून दाखवला व्हता.” तो डब्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. “गेटमनच्या बायकोनं माह्या दारात येऊन बांगड्या फोडल्या. पंचवीस वर्सं झाली, त्या गावातून मी गेलो नाई. बैलगाड्या बांधून पोट भरलं. आता तुमी गेटावर लिवता, येनाऱ्या-जानाऱ्याले वाचाले. माही नात या रस्त्यानं शाळेत जाते बाई.”

“पण कॉटर...”

“त्या पिनीले भोकच नव्हतं!” तो एकदम ओरडला. पेंटरचा ब्रश थांबला. “भोक नाई तर कॉटर घालू कुठी? या डब्यांच्या पिनी तापवून, तोंड ठोकून बसवेल व्हत्या. मी साहेबाले म्हटलं, चाला, दाखवतो. साहेब म्हने, नकाशात भोक हाय, तुह्या डोक्यातच नाई.”

नकाशा मला पाठ होता. या डब्याचं ट्रेसिंग माझ्याच हातचं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षातलं. सगळ्या रेघा एका जाडीच्या, कुठे शाई फुटलेली नाही. त्या वेळच्या हेड ड्राफ्ट्समननी ते सगळ्या ऑफिसाला दाखवलं होतं. त्यात ब्रेकची पिन होती आणि पिनेला भोक होतं.

“नकाशात भोक आहे, दादा,” मी शेवटी म्हटलं.

“मंग डबा खोटा हाय,” तो म्हणाला आणि जमिनीवर बसला.

डब्याच्या खालून आवाज आला. “बाई, हा जुना तुकडा काढू ना? पिन तयार आहे.”

रफीक मिस्त्री होता तो. नवीन पिन त्यानं माझ्याच नकाशावरून घडवली होती, भोकासकट. जुना दांडा इतकी वर्षं तारेनं बांधून ठेवलेला होता. आज तो नीट बसवायचा होता.

“कसला तुकडा?” मी विचारलं.

“कानात अडकलाय. पिनेचाच असणार. एक घाव घालतो, निघेल.”

“थांबा. घाव घालू नका.”

मी पदर खोचला आणि डब्याखाली गेले. चाळिशी उलटलेली बाई, रुळांमध्ये ओणवी, वर गंजाचा वास. रफीकनं बॅटरी धरली. ज्या कानात, म्हणजे लोखंडी कडीत, दांडा अडकवलेला असतो तिथे डांबराचा गोळा झाला होता. चौकशीनंतर कुणीतरी सगळ्यावर डांबर फासून टाकलं होतं. मी चिंधी रॉकेलमध्ये भिजवली आणि पुसत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डांबर सुटलं तसं मागच्या बाजूनं लोखंडाचं एक डोकं दिसायला लागलं, भूछत्रासारखं चपटं पसरलेलं. ठोकून बसवलेलं.

“रफीकभाई, हे काय आहे?”

त्यानं बोट फिरवलं. “तोंड ठोकलंय याचं. ही पिन सुटायची नाही बाई. कापावीच लागते.” मग त्यानं पुढच्या बाजूला बॅटरी नेली आणि त्याचा आवाज उतरला. “ही निसटली नाही. तुटलीय. बघा ना, अर्ध्या तोंडावर काळा, जुना गंज आहे, अर्धं दाणेदार आहे. आतून कधीचा तडा होता, मग एक दिवस गेली.”

“कॉटरचं भोक?”

“कुठाय भोक?”

डब्याखालून मला ढोक्यांचे पाय दिसत होते. टायरच्या चपला, टाचांना भेगा. ते पाय हलत नव्हते.

मी बाहेर आले. बोपर्डीकर साहेब आलेच होते, पांढरा शर्ट, हातात यादी. मी त्यांना तुकडा दाखवला, सांगितलं. ते वाकले, बघितलं, उठून हात झटकले.

“बाई, पन्नास डबे होते. एखाद्याला कुणी नंतर ठोकपिन बसवली असेल. दुरुस्तीत. ट्रेसिंग काय म्हणतं?”

“भोक म्हणतं.”

“ट्रेसिंग कुणाचं?”

“माझं.”

“मग झालं तर. तुमची रेघ चुकलेली मी पाहिली नाही.” ते हसले. मन राखायला म्हणाले असतील. “रफीक, अकरापर्यंत पिन बसली पाहिजे. आणि यांना चहा द्या आणि...” त्यांनी ढोक्यांकडे मान केली, “गेटाबाहेर बसवा.”

ढोके उठले नाहीत.

माझी रेघ चुकत नाही, हे खरं होतं. मग डबा आणि रेघ वेगळं का सांगतात? मी ट्रेसिंगची गुंडाळी डब्याच्या पायरीवर उलगडली. उन्हात धरलं की मेणकापड आरपार दिसतं. मी ब्रेकच्या कोपऱ्याशी नजर नेली, आणि तिथे काहीतरी होतं. फार नाही. त्या कोपऱ्यातल्या रेघा बाकीच्या रेघांपेक्षा केसभर बारीक होत्या. निब वेगळी. म्हणजे उठून, दुसरी निब घेऊन, मग काढलेल्या.

मी कधी निब बदलली? का बदलली?

“रफीकभाई,” मी म्हटलं, “मी येईपर्यंत हातोडा लावू नका.”

“साहेबांनी अकरा...”

“मी येते.”

ड्रॉइंग ऑफिस यार्डाच्या दुसऱ्या टोकाला. चार लाइनी ओलांडून मी धावले. लोक बघत होते. मला धावताना कुणी पाहिलंच नव्हतं. माझ्या ट्रेसिंगखाली जो मूळ कागद होता तो खालच्या रुंद कप्प्यात असणार, गेली पंचवीस वर्षं तो कुणी काढला नव्हता, मीसुद्धा नाही. चांगलं ट्रेसिंग झालं की मूळ कोण बघतो. कप्पा अडकला होता. मी दोन्ही पाय टेकून ओढला. वरचे कागद बाजूला केले. हात काळे झाले. शेवटून तिसरा.

कागद कसरीनं खाल्लेला होता. सगळा नाही. खालचा उजवा कोपरा, तळहाताएवढा. ब्रेकचा दांडा जिथे कानात बसतो, बरोबर तिथे भोक. कागदालाच.

मी तशीच फरशीवर बसले. आणि मला ती संध्याकाळ आठवली, सगळी, घड्याळासकट.

परत आले तेव्हा अकराला पाच कमी होते. रफीक डब्याखाली होता, छिन्नी तुकड्यावर टेकवलेली, हातोडा वर. साहेब बाजूला उभे. “मार,” ते म्हणाले.

मी ओरडले नाही. ओरडायचं मला सुचलंच नाही. मी खाली शिरले आणि तुकड्यावर हात ठेवला.

“या अल्ला!” रफीकनं हातोडा कसाबसा बाजूला टाकला. तो रुळावर खणकला. “बाई, बोटं गेली असती!”

“ठोसरबाई!” साहेबही वाकले. “हे काय चाललंय? बाहेर या.”

“येते. आधी हातोडा बाहेर द्या.”

“देतो, देतो. या बाहेर.”

हातोडा बाहेर गेल्यावर मी आले. खाल्लेला कागद ट्रेसिंगशेजारी ठेवला. ढोके आता उभे होते. मी त्यांच्याकडे तोंड केलं, कारण त्यांना कमी ऐकू येत होतं, आणि जितकं मोठ्यानं जमेल तितकं मोठ्यानं बोलले. पेंटर, चार खलाशी मजूर, साहेब, सगळे ऐकत होते.

“हा मूळ नकाशा. इथे कोपरा नाही. मी ट्रेस केला तेव्हाही नव्हता. नियम असा की नसलेली जागा कोरी सोडायची आणि लिहायचं, ‘मूळ फाटलेले’. मी सोडली नाही. दुसऱ्या खेपेच्या डब्याचा नकाशा काढला आणि त्यातली पिन इथे भरली. दुसऱ्या खेपेला कॉटर होतं. मला वाटलं, तेच असणार.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं भरायला?” साहेबांनी विचारलं. आवाजात आशा होती. मी ‘हो’ म्हणावं अशी.

“नाही.”

“मग का भरली?”

“कोरी सोडायची तर हेड ड्राफ्ट्समनची सही लागायची. ते यार्डात गेले होते. साडेपाचला येणार होते. मला पाचला निघायचं होतं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. लग्नानंतरचं पहिलं उद्यापन. सहाला सात सवाष्णी बोलावल्या होत्या.”

यार्डात कुठेतरी शंटिंगची शिट्टी झाली.

“हा नकाशा चौकशीसाठी हवाय हे मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं. ते खरं होतं, पण म्हटल्यावर मलाच ते म्हणायला नको होतं असं वाटलं. “आणि नंतर अहवाल वाचला, तेव्हा मी ट्रेसिंग उघडून ताडून पाहिलं. अहवालही त्याच ट्रेसिंगवरून लिहिलेला, म्हणजे माझंच माझ्याशी. जुळलं.”

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग ते जवळ आले आणि हलक्या आवाजात, अगदी सभ्यपणानं म्हणाले, “नलिनीबाई, ऐका माझं. उद्या मला लेखी द्या. मी पुढे पाठवतो, शब्द देतो. पण आज नको. दीड तासात माणसं येतायत. पिन बसू दे, बोर्ड राहू दे. तुमची सहा महिन्यांत बढती आहे. पंचवीस वर्षं थांबलं, एक दिवस थांबेल.”

“तुकडा काढला की पुरावा गेला, साहेब.”

“तुकडा मी कपाटात ठेवतो.”

“कानातून काढला की तो कुठल्याही डब्याचा होतो.”

मला साहेबांपुढे हात जोडावेसे वाटले, पण ते ढोक्यांच्या समोर बरं दिसलं नसतं. मी पेंटरकडे वळले.

“टर्पेंटाइन आहे ना? दुसरी ओळ पुसा.”

पेंटरनं साहेबांकडे पाहिलं.

“काय लिहायचं तिथे?” साहेब चिडले. “मोकळी जागा दिसेल!”

“मोकळी दिसू दे,” मी म्हटलं.

पेंटरनं चिंधी ओली केली. रंग ओलाच होता, लगेच गेला. एक पांढुरका पट्टा राहिला.

पुढचं पुढे झालं. मी लेखी दिलं, माझी बढती गेली, दोन वेतनवाढी थांबल्या, ते योग्यच होतं. ढोक्यांचा कागद तीन वर्षं फिरला आणि एक दिवस त्यांच्या नावापुढचा ‘बडतर्फ’ काढला गेला. त्याबद्दल मला पुष्कळांनी पुष्कळ चांगलं म्हटलं. पण त्या दिवशी, त्या डब्याशी, ढोके माझ्याजवळ आले तेव्हा यातलं काहीच घडलेलं नव्हतं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. डोळे कोरडे होते. मला वाटलं, शिव्या देतील. मी तयार होते.

“मंग, आल्या का सवाशिनी?” त्यांनी विचारलं.

“आल्या.”

“साताबी?”

“सातही.”

त्यांनी मान हलवली. हिशेब पटल्यासारखी नाही, नुसती ऐकल्यासारखी. मी खाली वाकले, पायांना हात लावायला. ते दोन पावलं मागे सरकले.

“नको,” ते म्हणाले. “थे नको.”

मग ते माझ्याकडे पाठ करून डब्याशी गेले. खाली बसले, रफीकची बॅटरी मागून घेतली आणि तो तुकडा किती तरी वेळ बघत राहिले. अंगठा त्या दोन रंगांच्या तोंडावरून फिरवला, काळ्या अर्ध्यावरून आणि दाणेदार अर्ध्यावरून. बोलले तेव्हा ते रफीकशी बोलले, एका कामगारानं दुसऱ्याशी बोलावं तसं.

“मी टोला मारून पाह्यला व्हता याले. आवाज खनखनीत आला. पन मन मानत नव्हतं. ठोकपिन उघडून पाहाता येत नाई, आतून काय हाय कोनाले ठाऊक? फोरमनले म्हटलं, याले बाजूले काढतो. थो म्हने, गठ्ठे पडले हायेत, सीझन हाय, सोड. मी सोडला.”

“मग?” रफीकनं विचारलं.

“मंग काय. खडू हाय का तुह्याजवळ?”

रफीकनं खिशातून खडू काढून दिला. ढोके उठले. आदल्याच दिवशी लाल ऑइलपेंट दिलेल्या त्या चकचकीत दारावर त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरपी रेघ ओढली, तिच्यावर उलटी दुसरी. मोठी फुली झाली. तिच्याखाली त्यांनी दोन अक्षरं लिहिली, सावकाश, सुवाच्य. ‘सिक’, म्हणजे डबा आजारी, गाडीला जोडायचा नाही. खाली तारीख घातली. आजची.

“अहो!” साहेब धावत आले. “अहो, काय करता हे? साडेबाराला पाहुणे येतायत! रफीक, पुस ते आधी!”

रफीक हलला नाही.

“रफीक!”

“साहेब, माफ करा,” रफीक म्हणाला. “सिक लिहिलेल्या डब्याला कुणी हात लावत नाही. ते पुसायचं तर फिटरनंच पुसायचं.”

“कोण फिटर? कुठाय फिटर?”

रफीकनं डोक्यावरची टोपी नीट केली.

“हे काय,” तो म्हणाला, “समोर उभे आहेत.”